शिक्षा कैदेची आहे, आजाराची नव्हे!

भंडारा जिल्ह्याने आंबेडकरी समाजाला दोन जखमा दिल्या आहेत. पहिली जखम १९५४ सालची. त्या वर्षी लोकसभेच्या पोटनिवडणुकीत विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच भंडाऱ्यातून उभे होते आणि ज्यांनी देशाला संविधान दिले त्यांनाच या मतदारसंघाने पराभूत केले. दुसरी जखम २९ सप्टेंबर २००६ ची. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांना जातीयवादी जमावाने ठार मारले. पहिली जखम इतिहासात जमा झाली. दुसरी अजूनही भळभळते आहे. आणि याच भंडाऱ्यातून आज आम्ही कैद्यांची बाजू मांडणार आहोत. कैद्याला औषध मिळाले पाहिजे, त्याच्या मनाची काळजी घेतली गेली पाहिजे, तो सुटून बाहेर येईल तेव्हा त्याला माणसासारखे जगता यावे याची तयारी आतच झाली पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. हे वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हाला कल्पना आहे. त्या आठ्यांना उत्तर दिल्याशिवाय हा लेख आम्ही संपवणार नाही.

तुरुंग म्हटला की पांढरपेशा समाजाला गुन्हेगार आठवतो. आम्हाला मात्र आमच्या वस्तीतली पोरे आठवतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांहून अधिक, म्हणजे दर चारांपैकी तीन, हे कच्चे कैदी होते. त्यांच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. कायद्याच्या नजरेत ते तुमच्या-आमच्याइतकेच निर्दोष होते. त्याच वर्षी महाराष्ट्रातील कारागृहे त्यांच्या क्षमतेच्या दीडपटीहून अधिक भरलेली होती. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेप्रमाणे १६.६ टक्के आहे. तुरुंगात मात्र दर पाच कैद्यांमागे जवळपास एक अनुसूचित जातीचा असतो. मुसलमानांचे प्रमाणही असेच लोकसंख्येपेक्षा जास्त. नोकरीत, न्यायासनावर, विद्यापीठाच्या कुलगुरूपदावर आमचे प्रतिनिधित्व पुरे होत नाही म्हणून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झगडतो आहोत. प्रतिनिधित्व पुरे होऊन वर उरते अशी एकच सरकारी इमारत या देशात आहे, ती म्हणजे तुरुंग!

असे का होते? आमची माणसे जास्त गुन्हे करतात म्हणून? मुळीच नाही. श्रीमंताला अटक होते तेव्हा त्याच्या आधी वकील पोलीस ठाण्यात पोहोचतो. गरिबाला अटक होते तेव्हा त्याच्या घरी निरोपसुद्धा उशिरा पोहोचतो. पुढे न्यायालय जामीन मंजूर करते, पण जामीनदार आणा म्हणते. जामीनदाराचा सातबारा पाहिजे, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला पाहिजे. भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पण धान रोवायला जी बाई चिखलात वाकते तिच्या नावावर बांधी नसते, आणि तलावात जो ढिवर जाळे टाकतो त्याच्या नावावर तलाव नसतो. विड्या वळणाऱ्या हातांना सातबारा कोण देणार? शेतमजुराचा जामीनदार बहुधा शेतमजूरच असतो. म्हणून कागदावर जामीन झालेला माणूस प्रत्यक्षात आतच राहतो. जमिनीचे फेरवाटप या देशाने केले नाही. त्याची शिक्षा भूमिहीन माणूस तुरुंगात बसून भोगतो आहे.

भंडाऱ्याच्या कारागृहाची आणखी एक व्यथा आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जिल्हाधिकारी वेगळा झाला, जिल्हा परिषद वेगळी झाली. पण गोंदियाचे कच्चे कैदी त्यानंतरही वर्षानुवर्षे भंडाऱ्याच्याच कारागृहात येत राहिले. सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या गोंड बाईने नवऱ्याच्या मुलाकातीला यायचे म्हणजे शंभर किलोमीटरहून लांबचा प्रवास आला. एक दिवसाची मजुरी बुडाली, भाड्याचे पैसे गेले, आणि मिळाली काही मिनिटांची भेट. दोनदा येते, तीनदा येते, मग तिचे येणे थांबते. ज्याची मुलाकात थांबली त्या कैद्याचे जग तेथेच संपते. मनाच्या आजाराची सुरुवात कोठून होते हे शोधायला मोठ्या ग्रंथांची गरज नाही. ती तेथून होते.

आता आरोग्याचा प्रश्न घेऊ. माणूस कारागृहाच्या दारातून आत घेतला जातो तेव्हा त्याची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, असा नियम आहे. ही तपासणी म्हणजे नाव, वजन आणि सही एवढीच राहिली तर काय होते, हा प्रश्न परभणीने आपल्या सर्वांपुढे टाकला आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात पोलिसांनी धरपकड केली. कायद्याचे शिक्षण घेणारा आमचा भीमसैनिक सोमनाथ सूर्यवंशी त्या धरपकडीत पकडला गेला आणि १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अंगावरील अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदवले गेले. आमचा साधा सवाल आहे. पोलीस कोठडीतून न्यायालयीन कोठडीत जाताना अंगावरच्या जखमा मोजणारा, विचारणारा आणि निर्भयपणे लिहून ठेवणारा डॉक्टर प्रत्येक दारावर उभा असता, तर असे किती सोमनाथ वाचले असते? दारावरची तपासणी हा सोपस्कार नाही. पोलीस कोठडीत झालेल्या मारहाणीविरुद्ध गरिबाच्या हातात असलेला तो पहिला पुरावा आहे.

पूर्व विदर्भात तर या तपासणीला आणखी एक महत्त्व आहे. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हा सिकलसेलचा पट्टा. आमच्या बौद्ध समाजात आणि आदिवासी समाजात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी सोसत नाही, पाणी कमी पडलेले सोसत नाही, अति श्रम सोसत नाहीत. त्याला अंगाची लाही करणाऱ्या वेदनांचा झटका येतो. बाहेरून पाहणाऱ्याला ना सूज दिसते ना जखम. भरलेल्या बराकीत रात्री दोन वाजता हा झटका आला तर पहारेकरी काय म्हणणार? ‘नाटक करतोय!’ ज्या पहारेकऱ्याला या आजाराचे नावही कोणी सांगितलेले नाही, त्याला तरी किती दोष द्यायचा? केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सन २०४७ पर्यंत हा आजार संपवायचे जाहीर केले. ठीक आहे. मग भंडाऱ्याच्या आणि नागपूरच्या कारागृहात येणाऱ्या प्रत्येक बंद्याची सिकलसेल चाचणी का होऊ नये? क्षयरोगाचेही तेच. एका खोलीत दुप्पट माणसे कोंबली, हवा खेळती नसली की क्षयाला वेगळे आमंत्रण द्यावे लागत नाही. आणि कैदी सुटला की तो क्षय त्याच्याबरोबर त्याच्या झोपडीत जातो, त्याच्या लेकरांच्या छातीत जातो. ज्यांना कैद्यांची कणव नाही त्यांनी निदान एवढा तरी विचार करावा.

कारागृहातून जिल्हा सामान्य रुग्णालय लांब नसते. पण कैद्यासाठी ते फार लांब असते. डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली तरी नेण्यासाठी पोलिसांचा गार्ड पाहिजे. गार्ड बंदोबस्ताला गेला. आज सण आहे, उद्या मंत्र्यांचा दौरा आहे, परवा निवडणूक आहे. तपासणीची तारीख निघून जाते आणि गाठ वाढत जाते. शिवाय ज्या सरकारी रुग्णालयात न्यायचे त्याची तरी अवस्था काय? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा तान्ही बाळे गेली. ज्या व्यवस्थेला तान्ह्या बाळांचा जीव सांभाळता आला नाही, तिच्याकडून कैद्याच्या जिवाची अपेक्षा करावी लागते, हे आमचे दुर्दैव! तरीही आम्ही ती अपेक्षा करणार, कारण गरिबाला दुसरे रुग्णालय नाही. मोठ्या घरचा आरोपी आत जाताच त्याच्या छातीत कळ येते आणि तो रुग्णालयाच्या खाटेवर आठवडेच्या आठवडे काढतो. गरीब खरोखर मरणाच्या दारी पोहोचला तरी त्याला तापाची गोळी देऊन परत बराकीत पाठवतात. मनूने एकाच गुन्ह्याला वर्णाप्रमाणे वेगवेगळी शिक्षा सांगितली होती. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जळाली. तिची राख मात्र अजून तुरुंगांच्या दवाखान्यांत उडते आहे.

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाकडे पाहा. भंडाऱ्यात मोठी शिक्षा लागलेला कैदी पुढे तेथेच जातो. प्रा. जी. एन. साईबाबा हे पोलिओने दोन्ही पाय गमावलेले, नव्वद टक्के अपंग असलेले प्राध्यापक. चाकाच्या खुर्चीवरचा हा माणूस अंडा सेलमध्ये वर्षानुवर्षे राहिला. त्यांच्याच खटल्यातील गडचिरोलीचा तरुण आदिवासी पांडू नरोटे ऑगस्ट २०२२ मध्ये आजारी पडून कैदेतच मरण पावला. दोनच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर २०२२ रोजी, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या खटल्यातील सर्वांना निर्दोष ठरवले. त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्थगिती दिली. फेरसुनावणीनंतर ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. साईबाबा बाहेर आले आणि सात महिन्यांत, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, गेले. पांडू नरोटेला निर्दोष असल्याचा निकाल ऐकायलाही कोणी शिल्लक ठेवले नाही. कंपवाताने हात थरथरणाऱ्या ८४ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना पाणी पिण्यासाठी साधी नळी मिळावी म्हणून न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहत ते मरण पावले. यांच्या विचारांशी कोणाचे मतभेद असतील, आमचेही असू शकतात. पण कोणत्या न्यायाधीशाने कोणत्या निकालपत्रात त्यांना ‘औषधाविना मरण’ अशी शिक्षा लिहिली होती? न्यायालय माणसाचे स्वातंत्र्य काढून घेते. त्याचे आरोग्य, त्याचे डोके, त्याचा जीव काढून घेण्याचा हुकूम ते देत नाही. जी शिक्षा निकालात लिहिलेली नाही ती भोगायला लावणे हा गुन्हा आहे, मग तो करणारा सरकारी गणवेशात का असेना!

शरीराची ही गत, तर मनाची कोण विचारतो? २०२२ या एका वर्षात देशातील कारागृहांत १५९ अनैसर्गिक मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ११९ आत्महत्या होत्या. म्हणजे तुरुंगात माणसाला माणूस मारतो त्यापेक्षा निराशा जास्त मारते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला. कारागृहांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजाराच्या प्राथमिक उपचारांचे प्रशिक्षण द्या, प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र उभारा, असे हा कायदा सांगतो. आदर्श कारागृह नियमावली म्हणते की पाचशे बंद्यांमागे एक मानसोपचार समुपदेशक असावा. प्रत्यक्षात काय आहे? इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या अहवालानुसार देशातील पावणेसहा लाख कैद्यांसाठी मानसतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून अवघे २५! म्हणजे सुमारे तेवीस हजार कैद्यांमागे एक. भंडाऱ्याच्या कैद्याचे डोके बिघडले तर सर्वांत जवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला, साठेक किलोमीटरवर. तेथे न्यायला पुन्हा गार्ड पाहिजे, गाडी पाहिजे, हुकूम पाहिजे.

आणि एकदा मनोरुग्ण म्हणून माणूस बाजूला पडला की काय होते, ते आसामच्या मचल लालुंग या आदिवासीने दाखवले आहे. १९५१ साली पकडलेला हा माणूस तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला गेला. १९६७ साली डॉक्टरांनी तो बरा असल्याचे कळवले. तरी तो सुटला २००५ साली! चोपन्न वर्षे, आणि खटला एकदाही चालला नाही. कोणी मुद्दाम डांबले असेही नाही. व्यवस्था त्याला फक्त विसरून गेली. गरिबाला मारण्यासाठी या देशात बंदूक लागत नाही, विसर पुरतो.

काही जण म्हणतात, कारागृहात विपश्यना शिबिरे होतात, योग होतो, प्रवचने होतात. आणखी काय पाहिजे? आम्ही बुद्धाचे अनुयायी आहोत. विपश्यनेने अनेक कैद्यांच्या आयुष्याला वळण मिळाले आहे, हे आम्ही नाकारत नाही. १९९४ साली तिहार तुरुंगात हजार कैद्यांनी एकत्र शिबिर केले, नाशिकच्या कारागृहातही साधना चालते. पण ध्यान हे डॉक्टरला पर्याय नाही, आणि वकिलाला तर मुळीच नाही. ज्याच्या डोक्यात दिवसरात्र आवाज येतात त्याला औषध लागते. ज्याची तीन वर्षे तारखांत गेली त्याला डोळे मिटायला सांगण्याआधी त्याच्या खटल्याचे काय झाले ते सांगा. तथागतांनी आजारी भिक्खूला ध्यान करायला सांगितले नव्हते. मलमूत्रात पडलेल्या, सोबत्यांनी टाकून दिलेल्या त्या भिक्खूला त्यांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने धुतले, उचलून खाटेवर ठेवले. आधी शुश्रूषा, मग उपदेश. हा क्रम आहे.

तुरुंगाच्या भिंती उंच असतात, पण जातीला त्या अडवत नाहीत. कोणी स्वयंपाक करायचा आणि कोणी संडास साफ करायचा हे जातीवरून ठरवणारे नियम अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे जिवंत होते. पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उजेडात आणले आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकानाही काढून टाकण्यास सांगितले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे भूत भटक्या-विमुक्तांच्या मानगुटीवर ‘सराईत गुन्हेगार’ या नावाने बसले होते, त्यावरही न्यायालयाने बोट ठेवले. रकाना कागदावरून जाईल; मनातला रकाना कोण खोडणार? ज्याच्या हातात झाडू दिला जातो त्याच्या मनावर काय कोरले जाते, हेही मानसिक आरोग्यच आहे. समुपदेशक नेमताना हे ज्याला कळते असा माणूस नेमा.

येथे बाबासाहेबांचे एक काम सांगितले पाहिजे, कारण ते आपल्याच लोकांना फारसे माहीत नाही. संविधान सभेत जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून कायद्याच्या योग्य प्रक्रियेची हमी वगळली गेली, याची अस्वस्थता बाबासाहेबांना होती. त्याची भरपाई म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी नवा अनुच्छेद ‘१५ अ’ मांडला. आजचा अनुच्छेद २२ तो हाच. अटकेचे कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा, हे हक्क पकडलेल्या माणसाला त्यातून मिळाले. तो माणूस चांगला की वाईट, असे बाबासाहेबांनी विचारले नाही. तो पकडलेला आहे, दुसऱ्याच्या ताब्यात आहे, म्हणून त्याला संरक्षण पाहिजे, एवढेच पाहिले. अस्पृश्याला ताब्यात असणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

आता त्या आठ्यांना उत्तर देऊ. ‘सुरेखाबाईंना, प्रियंकाला ज्यांनी मारले त्यांनाही डॉक्टर द्या म्हणता काय?’ होय, म्हणतो. आणि हे म्हणताना आमचाही हात थरथरतो, हे लपवत नाही. खैरलांजीच्या वेळी आम्ही फाशीची मागणी केली होती. पण ती न्यायालयाकडे केली होती, रस्त्यावर नाही. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. उच्च न्यायालयाने १४ जुलै २०१० रोजी फाशीचे रूपांतर २५ वर्षांच्या सक्तमजुरीत केले आणि अ‍ॅट्रॉसिटीचे कलम मानले नाही. त्या निकालाने आमचे समाधान झाले नाही, आजही नाही. पण न्याय कमी पडला म्हणून तो उपासमारीने आणि औषध रोखून भरून काढा, असे आम्ही म्हणणार नाही. यात भूतदयेचा प्रश्न नाही, आमच्या स्वतःच्या जिवाचा प्रश्न आहे. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवण्याचा अधिकार एकदा तुरुंगाच्या दारावर दिला, की तो कोणाविरुद्ध वापरला जाईल? ज्याच्या मागे गाव आहे, पुढारी आहे, पैसा आहे, त्याच्याविरुद्ध? तो वापरला जाईल सोमनाथ सूर्यवंशीविरुद्ध, पांडू नरोटेविरुद्ध, आंदोलनात पकडलेल्या आमच्या पोरांविरुद्ध. हक्क सर्वांना नसेल तर ती मेहेरबानी होते. आणि मेहेरबानी आमच्या वाट्याला कधीच आलेली नाही. खैरलांजीवर पुस्तक लिहिणारे डॉ. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, शरण जावे लागले आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, ते जामिनावर बाहेर आले. कोण आत जाईल हे सांगता येत नाही. म्हणून आतला कायदा सरळ पाहिजे.

शेवटचा प्रश्न सुटकेचा. सुटकेची तयारी या शब्दाला आपल्याकडे जवळजवळ अर्थच नाही. नाव पुकारले, कपडे परत दिले, फाटक उघडले, झाली सुटका! बाहेर उभ्या माणसाच्या खिशात आधार कार्ड आहे का, शिधापत्रिकेवर त्याचे नाव उरले आहे का, क्षयाच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या किती दिवसांच्या दिल्या, पुढे कोणत्या दवाखान्यात जायचे, हे कोणी विचारत नाही. गावात गेला तर काम मिळत नाही. चोरी झाली की पहिला त्यालाच उचलतात. बायको माहेरी गेलेली असते, मुलांची शाळा सुटलेली असते. असा माणूस पुन्हा आत गेला तर दोष कोणाचा?

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेला वेगळी जागा दिली आहे. त्यात अंगुलिमाल आहे. तथागतांनी त्याला बदलले, एवढीच कथा आपण सांगतो. पुढचा भाग सांगत नाही. भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड-काठ्यांनी मारले. डोके फुटलेला, भिक्षापात्र मोडलेला, चीवर फाटलेला असा तो परत आला. तो बदलला होता. गाव बदलले नव्हते. तथागतांनी त्याला संघ दिला होता म्हणून तो तगला. आमच्या सुटलेल्या माणसाला संघ कोण देणार?

सुटकेच्या तयारीत आणखी एक बाजू आहे आणि ती विसरणारा आंबेडकरी असूच शकत नाही. ती म्हणजे पीडिताची. भैयालाल भोतमांगे यांनी घरातली चार माणसे गमावून दहा वर्षांहून अधिक काळ एकट्याने काढला आणि जानेवारी २०१७ मध्ये ते गेले. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम ‘१५ अ’ पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षण देते. आरोपीचा जामीन, सुटका, अभिवचन रजा यांबाबत त्यांना कळवण्याचा आणि त्यांचे म्हणणे ऐकण्याचा हक्क देते. कैदी बाहेर येणार असेल तर पीडित कुटुंबाला आधी सांगा, त्यांचे संरक्षण पक्के करा. एकाचे औषध आणि दुसऱ्याचे संरक्षण यांत भांडण नाही. दोन्ही कायदा पाळण्याचीच कामे आहेत.

कायदे आणि योजना नाहीत असे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि काही अपवाद सोडून, त्याला बंधपत्रावर सोडावे. तसा अर्ज न्यायालयात करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकाची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या प्रकरणांनाही लागू केली. केंद्राच्या २०२३ च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद केली गेली. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्न किती हा प्रश्नच नाही. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा फेरआढावा घेणारी समिती प्रत्येक जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रात १ मे २०२२ पासून येरवड्यातून ‘जिव्हाळा’ ही कैद्यांसाठी ५० हजारांपर्यंतच्या कर्जाची योजना सुरू झाली. पाणी टाकीत आहे. गरिबाच्या ओंजळीपर्यंत नळ पोहोचलेला नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. भंडाऱ्याच्या कारागृहात दाखल होणाऱ्या प्रत्येकाची जखमा, क्षय, सिकलसेल आणि मनःस्थिती यांची खरी तपासणी करा आणि तिची प्रत त्याच्या वकिलाला द्या. रुग्णालयात नेण्यासाठी वेगळा गार्ड ठेवा. बंदोबस्ताच्या नावाखाली तो हलवू नका. समुपदेशकाचे पद भरा आणि तोवर मानसिक आरोग्याचा १४४१६ हा सरकारी क्रमांक कैद्यांच्या दूरध्वनीवर खुला करा. कलम ४७९ खाली कोण पात्र आहे याची यादी दर महिन्याला लावा. सुटकेच्या तीन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने कैद्याच्या घरी जावे, कागदपत्रे तयार करावीत, औषधाची चिठ्ठी तालुक्याच्या दवाखान्याशी जोडून द्यावी. कारागृहाच्या अभ्यागत मंडळावर पुढाऱ्यांच्या बगलबच्च्यांऐवजी डॉक्टर, वकील आणि वस्तीत काम करणाऱ्या बायका नेमा.

आणि एक मागणी आमची आमच्याच समाजाकडे आहे. पवनीपासून तुमसरपर्यंत गावोगावी आपले बुद्ध विहार आहेत. जयंतीला डी.जे.वर हजारो रुपये जातात. त्यातला काही हिस्सा बाजूला काढा. आपल्या वस्तीतला कोण आत आहे, त्याची तारीख कधी, त्याला जामीनदार मिळाला का, याची एक वही विहारात ठेवा. आपल्यात सातबारावाले आहेत, नोकरदार आहेत. त्यांनी वर्षातून एका निर्दोष पोराला जामीन राहावे. जो सुटून येईल त्याला पहिल्या पौर्णिमेला विहारात पुढे बसवा. खैरलांजीच्या जिल्ह्याने देशाला एक काळी ओळख दिली आहे. ती पुसता येणार नाही. पण पकडलेल्या माणसाला माणूस मानणारा जिल्हा, अशी दुसरी ओळख तिच्याशेजारी लिहिता येईल. १९५४ साली बाबासाहेबांना नाकारणाऱ्या भंडाऱ्याने त्यांचे ऋण फेडायचे ठरवलेच, तर सुरुवात कारागृहाच्या फाटकापासून करावी.